सर्पगंधा आणि खाजकुहिली

घुग्घुसची ओळख कोळशाच्या खाणींमुळे असली, तरी येथून गडचिरोलीचे अरण्य फार दूर नाही. त्या रानातील दोन वनस्पतींनी मज्जासंस्थेविषयीच्या आधुनिक ज्ञानात मोलाची भर घातली आहे. झाडपाल्याचे औषध घेणाऱ्या आपल्या कुटुंबांनी हा इतिहास जाणून घ्यावा.

पहिली सर्पगंधा. सर्पदंशावर व वेडावर तिचे मूळ देण्याची परंपरा जुनी आहे. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण नोंदवला. १९४९ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले व लवकरच ते मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले.

परंतु औषधाची दुसरी बाजूही दिसून आली. काही रुग्णांना खिन्नतेने घेरले, काहींना कंप सुटला. याचे कारण १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांच्या प्रयोगांतून उलगडू लागले. रिसर्पिन दिलेले ससे निश्चल पडले. एल-डोपा टोचताच ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामाइनचा साठा रिसर्पिन रिता करते आणि एल-डोपा तो भरून काढते. कंपवातावरील उपचाराची वाट येथून निघाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच एल-डोपा खाजकुहिलीच्या बियांत आहे. दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते त्या बियांतून वेगळे केले होते. १९७८ साली डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांची चाचणी प्रसिद्ध केली. एका वनस्पतीचे मूळ जे हिरावून घेते, ते दुसरीचे बी परत देते!

परंपरेने वनस्पती दाखवली; मात्रा किती आणि अपाय कोणता, हे परीक्षणाने सांगितले. दोहोंपैकी एकीवरच विसंबणे धोक्याचे. म्हणून रक्तदाबाची वा मनोविकाराची गोळी चालू असता हे मूळ किंवा बी आपल्या मनाने घेऊ नये. घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये.

आणखी एक ऋण उरते. संशोधकांची नावे ग्रंथांत राहिली. पिढ्यान्‌पिढ्या ही मुळी ओळखून जपणाऱ्यांची नावे कोणी टिपली नाहीत. मुळासाठी झाड उपटले की झाडच संपते. बेसुमार खोदाईने सर्पगंधा दुर्मीळ झाली आहे. रान राखणे ही त्या अनामिकांना दिलेली खरी पोचपावती ठरेल.