तफावत म्हणजे चोरी नव्हे

जीएसटी पोर्टलवर खरेदीचे बिल दिसत नाही म्हणजे कर बुडाला आणि कोर्टात जातो तो वेळ काढायला, असे चांगले जाणकारही म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या खटल्यात 2012 साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हॅट कायद्याचे कलम 48(5) वैध ठरवले: तिजोरीत कर जितका आला, खरेदीदाराला त्या कराची वजावट तितकीच. विक्रेता तुम्ही निवडलात, जोखीमही तुमचीच.

आता अकलोलीत, गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक हार्डवेअरवाला आहे असे धरा. 2018 साली त्याने भिवंडीहून 50 हजारांचे पाईप-नळ घेतले आणि 18 टक्क्यांनी 9 हजार करासकट चेक दिला. विक्रेत्याने कर भरला, पण जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रात ते बिल बिगरनोंदणी गिऱ्हाइकाच्या रकान्यात टाकले. सरकारचा एक पैसा गेला नाही. दुकानदाराच्या जीएसटीआर-2ए मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत, मात्र ते बिल नाही. मागणी निघते ती 9 हजार कर, वर व्याज, आणि कलम 73 खाली दंड: 10 टक्के किंवा 10 हजार, यांतला जास्त असेल तो. मूळ करापेक्षा दंड मोठा!

महालक्ष्मीचा निकाल न भरलेल्या कराबद्दल होता. इथे कर भरलेला आहे, चुकला तो रकाना. आणि ही चूक दुकानदाराने पकडायची कशी? बिले जुळवण्यासाठी असलेले जीएसटीआर-2 नोव्हेंबर 2017 पासूनच थांबवले गेले. दर महिन्याची पक्की यादी देणारे जीएसटीआर-2बी आले 2020 मध्ये. भारती एअरटेलच्या खटल्यात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने 2ए ला सोयीचे साधन म्हटले आणि करदात्याने स्वतःच्या वह्यांवरून हिशेब करावा असे सांगितले. तो निकाल सरकारच्या बाजूने लागला होता. कंपनीविरुद्ध चाललेले तत्त्व अकलोलीच्या दुकानदाराच्या कामी यायची वेळ आली की सोडून देता येत नाही.

केंद्राने 27 डिसेंबर 2022 च्या परिपत्रकात जीएसटीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी वाट काढली: एका विक्रेत्याकडची वर्षाची तफावत 5 लाखांपर्यंत असेल तर विक्रेत्याचा दाखला पुरे, त्यावर असेल तर सीएचा. चांगली वाट आहे. पण विक्रेत्याने गाळा बंद करून गाव सोडले असेल, तर दाखला आणायचा कुणाकडून?

विक्रेत्याने खरोखरच कर बुडवला असेल तर? तिथे प्रश्न अवघड आहे, हे मी मान्य करतो. इकॉम गिलच्या निकालात (2023) सर्वोच्च न्यायालयाने खरेदी खरी असल्याचे सिद्ध करण्याचा भार खरेदीदारावर टाकला, आणि तो योग्यच आहे; नुसत्या बिलांचा धंदा करणाऱ्यांची गय करू नये. पण शांती किरणच्या प्रकरणात (2025), दिल्लीच्या व्हॅटखाली का होईना, त्याच न्यायालयाने व्यवहाराच्या वेळी नोंदणी चालू असलेल्या विक्रेत्याकडून प्रामाणिकपणे घेतलेल्या मालाची वजावट राखली. म्हणून आधी विक्रेत्याकडून वसुली, मग खरेदीदाराच्या कागदांची तपासणी, हाच क्रम मला न्याय्य वाटतो.

राहिला वेळकाढूपणाचा आरोप. अपील फेटाळले गेले तर पुढची पायरी न्यायाधिकरण. कायदा 2017 चा. त्या न्यायाधिकरणाचा शुभारंभ झाला 24 सप्टेंबर 2025 ला. मधली आठ वर्षे उच्च न्यायालयाखेरीज दार कुठले होते? आणि 9 हजारांसाठी अकलोलीहून मुंबई गाठून वकील कोण लावणार? म्हणून दुकानदार नोटिशीतल्या तारखेआधी चलन भरतो आणि बिल, बँकेचा उतारा, टेम्पोची पावती पुन्हा फायलीत बांधून ठेवतो.