रिलेची आठवण आणि रिलेचा विसर

चालत्या यंत्राचा इतिहास राळेगणसिद्धीच्या विहिरीवरील स्टार्टरपेटीपासूनही सांगता येतो. हिरवे बटन दाबले की तारेच्या वेटोळ्यात चुंबकत्व येते, पट्टी ओढली जाते, मोटर फिरते. बोट काढले तरी एक जादा संपर्क वेटोळ्याला वीज पुरवीत राहतो. ही रिलेची आठवण.

असा रिले जोसेफ हेन्रीने १८३५ च्या सुमारास अमेरिकेत केला. इंग्लंडात ग्रे वॉल्टरने १९४८-४९ मध्ये दोन व्हॉल्व्ह, दोन रिले व दोन मोटरी एवढ्यावर उजेडाकडे जाणारी चाकांची कासवे फिरविली. पायांच्या साध्या यंत्रातही पाय टोकाला पोचला की स्विच दबतो आणि रिले मोटरीची दिशा उलटवितो. वेटोळे मात्र हट्टी. प्रवाह तोडला की संपर्कावर ठिणगी उडते.

कामगाराला मोलाचा आहे तो रिलेचा विसर. वीज गेली की पट्टी सुटते. वीज परतली तरी बटन दाबल्यावाचून यंत्र हलत नाही. यंत्रात घातलेला हात त्यामुळे वाचतो. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेपायी शेतकरी ऑटोस्विच लावतो, तेव्हा हा विसरच नाहीसा होतो. दोष त्याचा नव्हे, अवेळी येणाऱ्या विजेचा आहे. दिवसा वीज मागणे म्हणजे माणसाच्या हातांची सुरक्षितता मागणे होय.