कमिशन कोणाला द्यायचे?

नाशिकजवळ देवळालीत प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, एक छत्रीधारी बटालियन आहे. पोटापाण्याचा वेगळा उद्योग असलेल्या नागरिकाने गरजेपुरते सैनिक व्हावे, ही या सेनेमागची कल्पना. अशा सैन्याचा अधिकारी निवडायचा कोणी आणि कोणत्या कसोटीवर, हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. त्याचा एक धागा नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलकडे जातो, म्हणून मला त्यात रस.

1920 साली सरकारने नागरी सैन्याचे दोन कायदे केले. युरोपीय व अँग्लो-इंडियनांसाठी साहाय्यक दल आणि हिंदी लोकांसाठी प्रादेशिक दल. देश एक, काम एक, पण दले दोन! नियमित फौजेतही हीच तऱ्हा होती. जमादार आणि सुभेदार यांना व्हाइसरॉयचे कमिशन मिळे, राजाचे नव्हे. पंचवीस वर्षे लढाया पाहिलेल्या सुभेदाराने कालच बोटीतून उतरलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम ठोकायचा. कमिशन म्हणजे नुसता कागद नव्हता, हुकूम कोण देणार आणि कोण ऐकणार हे त्यावर ठरे.

पहिल्या महायुद्धानंतर सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला 10 जागा ठेवल्या गेल्या. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात तिथूनच 1926 साली अधिकारी होऊन आले. पण तिथवर पोहोचायचे तर आधी शिफारशी लागत, मग साहेबांपुढे मुलाखती. घराण्याची राजनिष्ठा हीच पहिली परीक्षा होती, असे मला वाटते.

गोलमेज परिषदेनंतर 1931 मध्ये सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे तिचे सभासद होते. पेशाने नेत्रवैद्य, टिळकांचे अनुयायी आणि हिंदुमहासभेचे पुढारी असलेल्या मुंजे यांनी ‘लढाऊ जाती’ ही सरकारी कल्पना कधीच मानली नाही. 1932 च्या ऑक्टोबरात डेहराडूनची अकादमी सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत 40 जण होते: 15 खुल्या परीक्षेतून, 15 फौजेच्या शिपायांतून, 10 संस्थानी सैन्यांतून. मला यातले पहिले 15 सर्वांत मोलाचे वाटतात. मुलाखत याही वाटेवर होती, पण कारकुनाचा किंवा मास्तराचा मुलगा आता निदान अर्ज तरी करू शकत होता.

मात्र त्या परीक्षेला बसतील अशी मुले आणायची कुठून? मुंजे यांचे उत्तर होते शाळा. 1935 मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले. त्याआधी, मार्च 1931 मध्ये, ते रोममध्ये मुसोलिनीला भेटले होते आणि तिथल्या बालिला या मुलांच्या संघटनेने भारावले होते. शाळेच्या कौतुकात हा भाग गाळला जातो, टीकेत तेवढाच उरतो. माझी हरकत निराळी आहे. जातीची भिंत नाकारणाऱ्या माणसाने संस्थेच्या नावातच धर्माची भिंत घातली.

मग दुसरे महायुद्ध आले आणि शिफारस, वंशावळ सगळेच तोकडे पडले. 1939 मध्ये हिंदी लढाऊ अधिकारी सुमारे 400 होते, युद्ध संपताना 8,000 हून अधिक. एवढी माणसे जुन्या चाळणीतून जाणे शक्यच नव्हते. ब्रिटनमध्ये 1942 साली सुरू झालेली निवड मंडळांची पद्धत 1943 मध्ये इकडे आली. मानसशास्त्रज्ञ, मैदानी गटकार्य आणि मुलाखत अशा तिघांनी एकाच उमेदवाराला स्वतंत्रपणे जोखायचे. दोर, फळ्या आणि पिंप देऊन गटाला अडथळा पार करायला सांगायचे, पण नेता नेमायचा नाही. कोण पुढे होतो ते पाहायचे. शब्द दाखवून पंधरा सेकंदांत वाक्य लिहून घ्यायचे. पंधरा गुणांची ही पाहणी आजही पाच दिवस चालते.

मुंजे मार्च 1948 मध्ये नाशिकलाच वारले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1949 मध्ये, स्वतंत्र भारताची प्रादेशिक सेना उभी राहिली. तिच्या नागरी अधिकाऱ्याला लेखी परीक्षा, प्राथमिक मुलाखत, निवड मंडळ आणि वैद्यकीय तपासणी अशा पायऱ्या ठरल्या. वयाची मर्यादा 42 पर्यंत, म्हणजे दोन मुलांचा बापही अर्ज करू शकतो. लेखी परीक्षा पाठांतराने निघते. मुलाखतीत मात्र घरी इंग्रजी बोलणारा आजही सहज खुर्चीत बसतो आणि सिन्नर-निफाडकडचा हुशार पोरगा शब्द शोधत राहतो. तो चाळला जातो तो इथेच, असे माझे मत आहे.

आणि दोन मुलांची आई? तिच्यासाठी ही सर्व दालने कालपरवापर्यंत उघडी नव्हती. प्रादेशिक सेनेत स्त्रियांनाही घ्यावे लागेल, हे ठरले जानेवारी 2018 मध्ये, आणि तेही कोणत्या समितीच्या अहवालाने नव्हे, तर दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने.