ओतीव आणि घडीव

औशाच्या तटावरून ज्यांचे लहानपण हिंडले, अशा श्रोत्यांपुढे बोलताना मोटारीच्या इंजिनाचा विषय तोफेपासून सुरू केला, तर कोणी त्यास विषयांतर म्हणणार नाही, असा आमचा भरवसा आहे. १६३६ साली शाहजहानच्या फौजांनी औसा आणि उदगीर घेतले, तेव्हा दोन्ही बाजूंचा भरवसा ज्या यंत्रावर होता, ते यंत्र म्हणजे तोफ. एका बाजूने बंद असलेली नळी, तिच्यात कोंडलेला स्फोट, आणि त्या स्फोटाने ढकलला जाणारा गोळा. मोटारीचे इंजिन याहून मुळात निराळे नाही. फरक एवढाच की, तोफेचा गोळा एकदा गेला की परत येत नाही. इंजिनातला गोळा, म्हणजे पिस्टन किंवा दट्ट्या, मिनिटाला हजारो वेळा परत येतो. ही कल्पना आमच्या पदरची नव्हे. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७३ च्या सुमारास, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे, पॅरिसमध्ये बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या दट्ट्याचा प्रयोग मांडला होता. इंजिनाचा एक पूर्वज तोफखान्यातला आहे, तो असा.

दख्खनेत तोफा दोन रीतींनी बनत. एक ओतीव. मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ती पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. सुमारे चौदा फूट लांब आणि पंचावन्न टनांच्या घरातली ही तोफ काशाची आहे. दुसरी रीत घडीव. विजापूरच्याच तटावर लांडा कसाब नावाची एकवीस फुटांहून लांब लोखंडी तोफ आहे. ती ओतलेली नाही. लोखंडाच्या उभ्या पट्ट्या एकमेकींना लावून, त्यांवर लाल तापवलेली कडी चढवून, ठोकून ती सांधली आहे. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, तीच विद्या. तापलेली धाव सैल बसते, निवली की चाकाला आवळून धरते. ओतणाऱ्याला हवा तो आकार एका दमात मिळतो, पण धातूच्या पोटात पोकळी राहिली तर ती बाहेरून दिसत नाही. आणि तोफ फुटली तर पहिला बळी गोलंदाजाचाच. घडवणाऱ्याला आकाराची मोकळीक थोडी, कष्ट फार. परंतु घणाखालून गेलेल्या धातूची खात्री अधिक. ओतीव की घडीव, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि आज वेगवान मोटारीचे इंजिन बांधणाऱ्यापुढेही तो तसाच उभा राहतो.

१८७६ साली जर्मनीत निकोलाउस ऑटो याने चार धावांचे इंजिन चालवून दाखवले. त्या काळचे पिस्टन बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत. ते टिकाऊ खरे, पण जड. जड वस्तू वर नेऊन थांबवायची, खाली आणून थांबवायची, यातच इंजिनाचे बळ खर्ची पडे. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली हा तरुण इंग्रज व्यापारी फ्रान्समधल्या एका मोटार-कारखान्यात गेला असता, त्याला तेथील टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन दिसला. त्याने तो उचलून पाहिला आणि तसलेच पिस्टन आपल्या मोटारीत घातले. ॲल्युमिनियम लोखंडाहून लवकर वितळते, तेव्हा स्फोटाच्या तोंडी ते कसे टिकेल, अशी जाणत्यांची शंका होती. ते टिकले, कारण ॲल्युमिनियम उष्णता झटकन पुढे पोचवून देते. स्वतः तापून बसत नाही.

आता टर्बोकडे वळू. आपल्याकडे हा शब्द पुष्कळांनी प्रथम ट्रकच्या नाकावर वाचला. मूळ विचार स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याचा, १९०५ सालचा. इंजिन जो धूर बाहेर टाकते, त्यात पुष्कळ उष्णता आणि वेग असतो. तो सगळा वाया जातो. त्या धुराच्या झोतात एक पंख्याचे चाक ठेवावे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवावे आणि त्याने बाहेरची हवा कोंबून सिलिंडरमध्ये भरावी. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते. म्हणून जोर जास्त. लोहाराच्या भात्याचेच हे काम, फक्त भाता ओढायला माणूस नको. भट्टीच आपला भाता ओढते. हे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बोच्या बळावर ते पूर्ण ताकदीने चालते, हे सिद्ध केले. पुढे जहाजे, आगगाड्या आणि ट्रक यांच्या डिझेल इंजिनांना टर्बो लाभला. पेट्रोलच्या लहान मोटारीला मात्र तो सुखासुखी मानवला नाही.

त्याचे कारण एका साध्या हिशेबात आहे. आठ सेंटिमीटर व्यासाचा, तळहाताएवढा पिस्टन घेऊ. त्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ पन्नास चौरस सेंटिमीटर. टर्बो लावलेल्या जोरकस इंजिनात स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या घरात सहज जातो. म्हणजे तळहाताएवढ्या झाकणावर पाच हजार किलो. लातूरच्या आडतीतली पन्नास क्विंटल तूर एका वाटीवर ठेवावी आणि ती क्षणात उचलून पुन्हा ठेवावी, असे मिनिटाला तीन हजारांवर वेळा. शिवाय कोंबलेली हवा मुळातच तापलेली असते. ठिणगी पडल्यावर इंधन क्रमाने जळावे, ते न होता कोपऱ्यातले मिश्रण आपणहून भडकते. आपले मिस्त्री याला 'इंजिन ठोकते' म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे: आतून कोणी घण मारावा तसा आवाज येतो. दोन रिंगांमधला पिस्टनचा पातळ काठ या ठोक्यांनी तुटतो, नाहीतर माथ्याला भोक पडते.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली. साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आणि २१५ अश्वशक्ती. ठोके टाळण्यासाठी योजलेली युक्ती मोठी मौजेची होती. मोटारीत एक निराळी टाकी. तिच्यात पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण. टर्बो जोरात आला की हे मिश्रण हवेत फवारले जाई आणि आतली उष्णता उतरे. नाव भपकेबाज ठेवले होते, 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. परंतु टाकी भरण्याची आठवण मालकांना राहीना. टाकी रिकामी झाली की यंत्रणाच टर्बोचा जोर कमी करी, आणि मालक तक्रार घेऊन येत. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच मोटारी निघाल्या; पुढे पुष्कळांनी टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून घेतला. ज्या यंत्राला मालकाने रोज सांभाळून घ्यावे लागते, ते प्रयोगशाळेत शोभते, बाजारात नव्हे.

जर्मनांनी निराळी वाट धरली. १९७३ साली बीएमडब्ल्यूने १७० अश्वशक्तीची २००२ टर्बो काढली. पुढच्या मोटारवाल्याला आरशात सरळ दिसावे म्हणून तिच्या नाकावर 'टर्बो' ही अक्षरे उलटी रंगवली होती. तेवढ्यात तेलाचे जागतिक संकट आले आणि ही आढ्यता लोकांना रुचली नाही. १९७४ साली पोर्शेची ९११ टर्बो आली. तीन लिटर, २६० अश्वशक्ती, आणि आत घडीव पिस्टन. इंजिनाला दाब सोसवत नाही म्हणून दाबावर पाणी शिंपडत बसण्यापेक्षा, सोसणाऱ्यालाच बळकट करावे, हा तो मार्ग. १९७७ साली रेनोने दीड लिटरचे टर्बो इंजिन शर्यतीत उतरवले, तेव्हा ते इतक्या वेळा धूर काढून बंद पडे की इंग्रजांनी त्या मोटारीला 'पिवळी किटली' म्हणून हिणवले. १ जुलै १९७९ रोजी दिजाँ येथे त्याच किटलीने, दुप्पट आकाराच्या इंजिनांना मागे टाकून, शर्यत जिंकली.

घडीव पिस्टन बनतो कसा, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मिश्रधातूच्या कांबीचा तुकडा कापतात, चारशे अंशांवर तापवतात आणि साच्यात ठेवून शेकडो टनांच्या दाबाखाली दाबतात. धातू वितळत नाही. मळलेल्या कणकेसारखा सरकतो. त्यामुळे आतले तंतू आकाराच्या वळणाने वाकतात, तुटत नाहीत, आणि पोकळीला जागा राहत नाही. नंतर कातकाम करून नेमके माप आणतात. हे माप कधीच पूर्ण गोल नसते. गजन पिनच्या बाजूला धातू जाड, म्हणून तिकडे तो तापल्यावर जास्त फुगतो. तेव्हा थंड असताना पिस्टन मुद्दाम किंचित लंबगोल, आणि माथ्याकडे किंचित निमुळता ठेवतात. तो गोल होतो, तो काम करू लागल्यावर.

या गुणाला दोषाची जोड आहेच. ओतीव पिस्टनच्या धातूत सिलिकॉन भरपूर असते; त्यामुळे तो कमी फुगतो, आणि सिलिंडरच्या भिंतीशी केसाच्या निम्मी फट त्याला पुरते. घडीव पिस्टनच्या सर्वांत चिवट जातीत सिलिकॉन जवळजवळ नसते. कॉन्कॉर्ड विमानाचे अंग याच कुळातल्या धातूचे होते. हा धातू ठोक्याने तडकत नाही, पण फुगतो फार. त्याला पुऱ्या केसाएवढी, कधी त्याहूनही अधिक फट द्यावी लागते. म्हणून थंडीच्या सकाळी असले इंजिन सुरू केले की पिस्टन डुलतो आणि खडखड ऐकू येते. अजाण मालक घाबरतो. फट कमी ठेवण्याचा मोह मिस्त्रीने धरला, तर मात्र तापलेला पिस्टन भिंतीला घासून इंजिन जागच्या जागी आवळते. रिंगांच्या दोन टोकांमधली फटही अशीच वाढवावी लागते. मजबुती विकत मिळते. माप समजून घ्यावे लागते.

ही विद्या आपल्या मुलुखात कशी आली? तिचा आरंभ शेतकऱ्यापासून झाला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांनी १९२२ साली नांगरांचा कारखाना काढला, आणि १९३३ च्या सुमारास तेथे देशातले पहिले डिझेल इंजिन बनले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभही लोखंडी नांगराचा. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. विजेचे खांब येण्यापूर्वी मराठवाड्यातल्या कित्येक विहिरींनी इंजिन म्हणजे काय, ते या यंत्रांच्या फकफकाटातूनच ओळखले. १९६२ साली पुण्यात कमिन्सशी भागीदारी झाली आणि मोठ्या डिझेल इंजिनांची विद्या आली. कोल्हापूरच्या ओतशाळांनी ओतीव कामात नाव काढले. पिस्टनही तेथे होऊ लागले. घडीव कामाला आधार मिळाला, तो १९६१ साली नीळकंठराव कल्याणी यांनी स्थापन केलेल्या भारत फोर्जचा. पिस्टन ज्याला ढकलतो, तो क्रँकशाफ्ट मुंढव्यात घडून जगभरच्या इंजिनांत जाऊ लागला. ओतीव आणि घडीव, दोन्ही विद्या महाराष्ट्रात अशा नांदल्या.

तरी वेगवान मोटारीचे इंजिन आपण बांधले काय? गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनी मोटार झाली. इंजिन रेनोचे, बिनटर्बोचे. २००४ साली तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला, स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस जोडली जाऊ लागली: १.८ लिटर, टर्बो, १५० अश्वशक्ती. मराठवाड्याच्या हातांनी ती मोटार जुळवली. पण इंजिन घडले होते परदेशात. २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची अवंती गाजली. शरीर पुण्याचे, दोन लिटरचे टर्बो इंजिन पुन्हा रेनोचे. सुंदर अंगात परक्याचे काळीज, ही रीत आम्हांस कमीपणाची वाटत नाही, कारण लहान कारखान्याला दुसरा मार्ग नसतो. पण ती रीत अपुरी आहे, हेही खरे.

त्या मार्गापलीकडे पाऊल पडले, ते ७ मार्च २०१७ रोजी जिनिव्हाच्या प्रदर्शनात. टाटांची रेसमो तेथे उभी राहिली. दोन आसने, इंजिन चालकाच्या पाठीमागे. तीन सिलिंडर, १.२ लिटर, टर्बो, १९० अश्वशक्ती. त्याच वर्षी सप्टेंबरात बाजारात आलेल्या नेक्सॉनचे १.२ लिटरचे टर्बो इंजिन ११० अश्वशक्तीचे होते. सिलिंडर तेवढेच, शक्ती पाऊणपट अधिक. हा फरक मोठा टर्बो बसवून मिळतो, असे ज्याला वाटते, त्याने जेटफायर आठवावी. ११० वरून १९० वर जायचे, तर माथ्यावरचा दाब वाढतो, हवा थंड करणारी जाळी मोठी लागते, तेलाचा फवारा पिस्टनच्या पोटाशी न्यावा लागतो, कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट बदलावे लागतात, आणि ओतीव पिस्टनची सोसण्याची मर्यादा जवळ येते.

रेसमो विक्रीस आली नाही. खर्चाचा मेळ बसेना म्हणून ती बाजूस ठेवण्यात आली. हातांत कसब नव्हते म्हणून नव्हे, हे नमूद केले पाहिजे. घडीव पिस्टनचा साचा महाग असतो. लाख मोटारींवर वाटला तर त्याचा खर्च किरकोळ, काही शे मोटारींवर वाटला तर डोईजड. शर्यतीचा शौक करणारे गिऱ्हाईक इकडे मोजके, आणि उन्हाळ्यात चव्वेचाळीस अंशांवर तापणाऱ्या रस्त्यावर इंजिनाने ठोकू नये, ही त्यांची अपेक्षा वाजवीच. ११० अश्वशक्तीचा भाऊ मात्र पुण्याजवळच्या रांजणगावाहून निघाला, आणि तो औशाच्या रस्त्यावर पाहावयास मिळतो.