पादातिवृद्धी, बालकांतील : शस्त्रोपचाराचा इतिहास
बालकाच्या पावलाची किंवा त्याच्या काही बोटांची शरीराच्या मानाने प्रमाणाबाहेर होणारी वाढ. ही विकृती जन्मतः किंवा पहिल्या काही वर्षांत दिसून येते. तीत हाडांबरोबरच मेद, त्वचा, तंत्रिका (मज्जातंतू) व काही रुग्णांत रक्तवाहिन्याही वाढतात. पाऊल पादत्राणात मावत नाही आणि चालणे कष्टाचे होते.

मॉरिस क्लिपेल व पॉल ट्रेनोने या फ्रेंच वैद्यांनी १९०० मध्ये वाहिन्यांतील दोषांसह होणाऱ्या अवयववृद्धीचे वर्णन केले. १९७९ मध्ये कोहेन व हेडन यांनी वर्णिलेल्या दुसऱ्या एका विकाराला हान्स-रूडोल्फ व्हीडेमान यांनी १९८३ मध्ये, रूपे पालटणाऱ्या ग्रीक देवतेवरून, ‘प्रोटियस लक्षणसमूह’ हे नाव दिले. ‘हत्तीमानव’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या जोसेफ मेरिक (१८६२–९०) यांना हाच विकार असावा, असे मत १९८६ मध्ये मांडण्यात आले.

हाडाची लांबी त्याच्या टोकाजवळील वृद्धिपट्टीमुळे वाढते. अमेरिकन शल्यचिकित्सक डॅलस फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये ही पट्टी शस्त्रक्रियेने निकामी करून वाढ थांबविण्याची पद्धत वर्णिली. रुग्ण मुलाचे बोट वडिलांच्या आणि मुलीचे आईच्या बोटाएवढे झाले की, ही शस्त्रक्रिया करण्याचा प्रघात पडला. तिने लांबी थांबते. जाडी मात्र वाढत राहते. म्हणून अतिरिक्त मेद व ऊतके काढावी लागतात. रक्तपुरवठा टिकावा यासाठी एका वेळी बोटाच्या एकाच बाजूचे ऊतक काढतात. बार्स्की यांनी १९६७ मध्ये बृहदंगुलित्वाचे स्थिर व वर्धिष्णू असे दोन प्रकार मानले. वर्धिष्णू प्रकारात काढलेले ऊतक पुन्हा वाढते व मुलावर वारंवार शस्त्रक्रिया करावी लागते. अशा वेळी बोट त्यामागील तळपायाच्या लांब हाडासह काढून पाऊल अरुंद करणे, तर अतितीव्र विकृतीत अंगच्छेदन करणे हिताचे ठरते. आईवडिलांना हा निर्णय साहजिकच जड जातो.

पुन्हा होणाऱ्या वाढीचे कारण पुढे उलगडले. प्रोटियस लक्षणसमूहात शरीराच्या काही कोशिकांतच एकेटी-१ या जनुकाचे उत्परिवर्तन असते, असे २०११ मध्ये आढळले. बृहदंगुलित्वाच्या अनेक रुग्णांत पीआयके-३-सीए जनुकात असाच बदल दिसला. अशा कोशिका मागे राहिल्यास वाढ चालूच राहते. या दुसऱ्या जनुकाशी निगडित तीव्र अतिवृद्धीसाठी, दोन वर्षे व त्यावरील वयाच्या रुग्णांकरिता, अमेरिकेत २०२२ मध्ये ॲल्पेलिसिब या औषधास मान्यता मिळाली. तथापि वाढलेले हाड लहान करण्यास शस्त्रक्रियाच लागते. मूल पादत्राणे घालून वेदनेविना चालू लागणे, हीच तिच्या यशाची कसोटी होय.