बीजगाम आणि भूतगाम : गढवालच्या वन-बीज चळवळीचा इतिहास

पालि वाङ्मयात 'बीजगाम' आणि 'भूतगाम' हे दोन शब्द जोडीने येतात. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात शीलांची जी गणना आहे, तीत या दोहोंना इजा करण्यापासून अलिप्त राहणे हे एक शील सांगितले आहे. 'भूतगाम' म्हणजे उगवून उभे असलेले गवत, वेली, वृक्ष. तर 'बीजगाम' म्हणजे ज्यापासून पुन्हा उगवू शकेल असे सारे. बीजाचे पाच प्रकारही तेथे मोजलेले आहेत : मूळ, खोड, पेर, शेंडा आणि प्रत्यक्ष बी. हळद मुळापासून, वड-पिंपळ खोडापासून, ऊस-बांबू पेरापासून उगवतात, असा त्याचा खुलासा विनयपिटकात मिळतो. हा भाग वर्गात शिकविताना एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येत राहिली. ती अशी की, उभे अरण्य आणि मुठीतले बी यांना प्राचीनांनी एकाच सामासिक शब्दात गुंफले. आधुनिक राज्यव्यवस्थेने मात्र अरण्य वनखात्याच्या दप्तरात टाकले आणि बी कृषिखात्याच्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिमालयातील गढवाल प्रदेशात या दोहोंची गाठ पुन्हा बांधली गेली. ती बांधणाऱ्यांनी हे पालि शब्द ऐकले होते, असा आमचा दावा नाही. बुद्धांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरविण्याचा मोहही आम्ही टाळू इच्छितो. चिपको आंदोलन आणि त्यातून निघालेले 'बीज बचाओ आंदोलन' यांचा एकत्रित इतिहास वाचकांसमोर ठेवावा आणि त्यातून काय हाती लागते ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. अरण्य कोणाचे?

चिपकोचा इतिहास सामान्यतः १९७३ पासून सांगितला जातो. वस्तुतः त्याची मुळे शंभर वर्षे मागे जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरी दरबाराकडून जंगलांचा मक्ता मिळविला. देवदाराचे ओंडके नदीच्या प्रवाहात सोडून मैदानात उतरविले जाऊ लागले. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यास स्लीपर हवे होते. १८७८ च्या वनकायद्याने ब्रिटिश मुलखातील जंगलांवर सरकारचा ताबा पक्का केला आणि गावकऱ्यांचा परंपरागत हक्क 'सवलत' या शब्दात आक्रसला. हक्क मागता येतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. एका शब्दाच्या बदलाने केवढे परिवर्तन घडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

टिहरी संस्थानानेही तोच मार्ग धरला. गुरे चारणे, लाकूडफाटा आणणे यांवर निर्बंध आले. त्याविरुद्ध यमुनेकाठच्या रवाँई भागातील शेतकरी ३० मे १९३० रोजी तिलाडी येथे जमले असता संस्थानच्या फौजेने त्यांच्यावर गोळीबार केला. किती माणसे मेली याविषयी आकडे वेगवेगळे सांगितले जातात. परंतु जंगलाच्या हक्कासाठी येथे रक्त सांडले, याविषयी मतभेद नाही.

२. मंडल आणि रैणी

स्वातंत्र्यानंतर दरबार गेला, ठेकेदार राहिले. गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य संघ ही चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांची संस्था शेतीची अवजारे बनवीत असे. त्यासाठी अंगू नावाच्या झाडाचे हलके पण चिवट लाकूड लागे. १९७३ साली संघाला ते नाकारण्यात आले आणि तीच झाडे अलाहाबादच्या सायमन कंपनीला खेळाचे साहित्य बनविण्यासाठी देण्यात आली. बैलाच्या मानेवरील जुवासाठी लाकूड नाही, रॅकेटसाठी मात्र आहे, हा न्याय लोकांना कळेना. २४ एप्रिल १९७३ रोजी मंडल येथे जमलेल्या गावकऱ्यांपुढे कंपनीच्या माणसांना रिकाम्या हाती परतावे लागले.

पुढील वर्षी रैणी गावाजवळची सुमारे अडीच हजार झाडे लिलावात गेली. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष चमोलीस गेले होते. १९६२ च्या युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार, असा निरोप त्यांना आला होता. तोच दिवस साधून मजूर जंगलात शिरले. एका मुलीने ते पाहिले आणि गौरादेवींना कळविले. महिला मंगल दलाच्या प्रमुख असलेल्या गौरादेवी विधवा होत्या; शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. सत्तावीस स्त्रिया व मुली घेऊन त्या जंगलाच्या वाटेवर उभ्या राहिल्या. बंदुकीची भीती घालून झाली, शिवीगाळ झाली. त्या हलल्या नाहीत. रात्रभर त्यांनी पहारा केला. 'चिपको' या नावामुळे झाडास मिठी मारणारी स्त्री हेच चित्र सर्वत्र रूढ झाले आहे. रैणीत मात्र निर्णायक ठरली ती अडविलेली वाट.

गौरादेवी भोटिया समाजाच्या होत्या. तिबेटशी व्यापार हा या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार १९६२ च्या युद्धाने तुटला. त्यानंतर मेंढरे, वनस्पती व जंगल हेच जगण्याचे साधन उरले. तेव्हा रैणीच्या स्त्रियांचा लढा निसर्गप्रेमाचा असेल, परंतु त्याहून अधिक तो भाकरीचा होता. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्रकुमार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७६ मध्ये या स्त्रियांचे म्हणणे योग्य ठरविले आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षांसाठी तोड थांबविण्यात आली.

३. अदवाणीचे कंदील

टिहरीतील हेंवल नदीच्या खोऱ्यात १९७७-७८ मध्ये चळवळीने पुढचे पाऊल टाकले. अदवाणी येथील जंगलाचा लिलाव झाला होता. बचनीदेवी या स्त्रीने तोडीविरुद्ध पुढाकार घेतला. तोडीचा स्थानिक ठेका तिच्या पतीनेच घेतलेला होता. समजूत घालण्यास आलेल्या वनाधिकाऱ्यापुढे स्त्रिया भर दुपारी पेटते कंदील घेऊन उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यास दिवसाढवळ्या दिसत नाही, त्यास उजेड दाखवावा, असा त्याचा अर्थ होता. जंगल म्हणजे राळ, लाकूड आणि परकीय चलन, असे अधिकाऱ्याचे म्हणणे. जंगल म्हणजे माती, पाणी आणि हवा, असे स्त्रियांचे उत्तर. मंडल येथे प्रश्न लाकूड कोणी तोडावे हा होता. अदवाणीत तो जंगल कशासाठी आहे, असा झाला.

सुंदरलाल बहुगुणा यांच्या उपोषणांनी व पदयात्रांनी ही मागणी दिल्लीपर्यंत पोहोचविली. १९८१ मध्ये एक हजार मीटरहून उंच प्रदेशातील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर पंधरा वर्षांची बंदी आली. चिपकोचा इतिहास बहुतेक पुस्तकांत येथे संपतो. आमच्या मते त्याचे महत्त्वाचे प्रकरण येथून सुरू होते.

४. शेतातून नाहीसे झालेले

हेंवल खोऱ्यातील जरधारगावचे विजय जरधारी हे चिपकोचे कार्यकर्ते. जंगल वाचविल्यावर ते व त्यांचे सहकारी शेताकडे वळले, तेव्हा त्यांना दिसले की, जंगल उभे आहे पण कोठारातले बी नाहीसे होत आहे. सरकारी योजनेतून बुटक्या जातींचे गहू-भात आणि खतांची पोती गावात येत होती. पहिली एक-दोन वर्षे पीक भरघोस आले. नंतर खत वाढवावे तरी उत्पन्न घटू लागले. बी दरवर्षी विकत घ्यावे लागले. जुने बी मागावे तर शेजाऱ्याकडेही नाही.

येथे डोंगरी शेतीची रचना थोडी समजून घ्यावयास हवी. बांज या ओकच्या जातीच्या झाडाचा पाला गुरांच्या पोटात आणि पायांखाली जातो; त्याचे शेणखत होते; ते शेतात पडते. शेतातल्या उंच जुन्या जातींच्या धान्याचा पेंढा पुन्हा गुरांकडे येतो. बुटक्या जातीस पेंढा थोडा. पेंढा कमी झाला की वैरणीसाठी जंगलातल्या फांद्या अधिक तोडाव्या लागतात, आणि वैरणीसाठी चढण चढणारी स्त्रीच असते. म्हणजे बी बदलले की जंगलावरचा भार वाढतो आणि स्त्रीच्या डोक्यावरचा भाराही. झाडे वाचविणाऱ्यांना बियांपर्यंत यावेच लागले, ते यामुळे.

'बारहनाजा' म्हणजे बारा धान्ये, ही तेथील जुनी मिश्रशेतीची पद्धत. खरिपात एकाच शेतात मंडुआ (आपली नाचणी), रामदाना (राजगिरा), राजमा, गहत (कुळीथ), भट्ट नावाचा काळा सोयाबीन, उडीद, चवळी, ओगल (कुट्टू), तीळ अशी धान्ये एकत्र पेरतात. बारा ही संख्या केवळ नावाची, प्रत्यक्षात ती कमीजास्त होते. वेलवर्गीय राजमा राजगिऱ्याच्या दांड्यावर चढतो. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीस देतात. पाऊस कमी पडला तर मंडुआ तग धरतो. एक पीक बुडाले तरी घर उपाशी राहत नाही. या बारांच्या जागी केवळ पिवळा सोयाबीन पेरावा, असा प्रचार अधिकारी करू लागले. त्याचे तेल घरी काढता येत नव्हते. ते पीक केवळ बाजारासाठी होते.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात 'बीज बचाओ आंदोलन' आकारास आले. त्यास फारसे कार्यालय नव्हते. कार्यकर्ते खोऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडले. उत्तरकाशीच्या रामासिराईं खोऱ्यात लाल तांदळाचा 'चारधान' अजून पिकत असल्याचे त्यांना दिसले. थापाचिनी, झुमकिया, रिखवा अशा भाताच्या जाती कोठे ना कोठे सापडत गेल्या. ते बी कोणी जपले होते? बहुधा म्हाताऱ्या स्त्रियांनी, वाळविलेल्या तुंब्यांत. मूठभर बी घ्यावे, पेरावे, पुढच्याला द्यावे, अशा क्रमाने भाताच्या शेकडो आणि राजम्याच्या दोनशेहून अधिक वाणांचा संग्रह झाला. तो शीतगृहात बंद करून ठेवण्यासाठी नव्हता. बी पेरले नाही तर ते मरते, आणि पेरले तरच हवामानाशी जुळत राहते, ही त्यांची धारणा होती.

५. नांगर कोणाच्या हाती?

या इतिहासाचे गुणगान करताना एक प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. गढवाल-कुमाऊँच्या गावांत ब्राह्मण व ठाकूर हे जमिनीचे धनी. अनेक ठिकाणी ब्राह्मणाने नांगर धरणे कमीपणाचे मानले जाई. नांगर धरी तो 'हळिया', बहुधा शिल्पकार म्हटल्या जाणाऱ्या अस्पृश्य जातींतला. फाळ घडविणारा लोहार, घर बांधणारा ओड, टोपल्या विणणारा रुडिया हेही तेच. जयानंद भारती यांच्या डोला-पालकी आंदोलनाला १९२० च्या दशकात नवरदेवाने पालखीत बसण्याचा साधा अधिकारही झगडून मिळवावा लागला, यावरून त्या समाजाची स्थिती कळते.

बी जपणाऱ्यांची नावे निदान आज घेतली जातात. ते बी मातीत उतरविणाऱ्या हातांची नावे चळवळीच्या इतिहासात क्वचितच येतात. 'परंपरागत शेती' असे म्हणताना तीत परंपरागत विषमताही आली, याचे भान ठेवावयास हवे. परंतु यावरून ते ज्ञानच त्याज्य ठरविणे हेही चुकीचे होईल. नाचणीला व कुळथाला जात नाही. ज्याच्या श्रमाने ते पिकले त्याचाही त्या ज्ञानावर वारसा आहे, असे म्हणणे हीच न्यायाची रीत होय.

६. दोन प्रकारचे रक्षण

आता रैणीकडे परत वळू. ज्या जंगलासाठी गौरादेवी उभ्या राहिल्या, त्याच्या वरच्या भागात १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. तोड थांबली, त्याबरोबर चराई, वनस्पती गोळा करणे, गिर्यारोहकांबरोबर ओझी नेण्याची मजुरी हेही थांबले. ज्यांनी राखले त्यांनाच बाहेर ठेवण्यात आले. १९९८ मध्ये गौरादेवींच्या माहेरच्या, लाता गावच्या लोकांनी 'झपटो-छीनो' असे म्हणत त्या निषिद्ध क्षेत्रात प्रवेश केला. गौरादेवी ते पाहण्यास नव्हत्या. १९९१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

लोकांस बंद झालेल्या त्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प मात्र उभे राहिले. सुरुंगांच्या स्फोटांविषयी रैणीकरांनी न्यायालयात तक्रार केली होती. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रौंठी शिखरावरून खडक व बर्फाचा कडा कोसळला आणि ऋषिगंगा-धौलीगंगेच्या पुरात दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. प्रकल्प वाहून गेले. त्याच वर्षी रैणीची जमीन खचू लागली आणि तेथील गौरादेवींचा पुतळा हलवावा लागला. २०२३ मध्ये वनसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील सामरिक महत्त्वाच्या रेषीय प्रकल्पांस, म्हणजे रस्ते-रेल्वे इत्यादींस, त्या कायद्यातून सूट मिळाली. रैणी याच पट्ट्यात येते.

बियांचा इतिहास निराळा घडला. २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छाप न लावता विकण्याचा अधिकार मान्य केला. ज्या मंडुआ-झंगोऱ्यास मागासलेले, जाडेभरडे अन्न म्हणून हिणविले गेले, त्याच तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष २०२३ मध्ये साजरे झाले. हा विजय संपूर्ण नाही. पहाडातील गावे ओस पडत आहेत, रानडुकरे शेते उद्ध्वस्त करीत आहेत, आणि बाजाराने उचललेले धान्य पेरणाऱ्याच्या ताटातून पुन्हा जाण्याचा धोका आहे. तरीही बी अजून गावच्या हाती आहे.

हा भेद कशामुळे? आमच्या मते त्याचे कारण असे : जंगल वाचले ते हुकुमाने, आणि हुकुमाने जे राखले जाते ते हुकुमानेच काढून घेता येते. बी वाचले ते हातोहात, आणि हजार तुंब्यांतून विखुरलेले बी एका सहीने जप्त करता येत नाही. वनाचा कायदा व्यर्थ आहे, असे आम्ही म्हणत नाही. १९८१ ची बंदी नसती तर राखावयास जंगलच उरले नसते. परंतु कायद्याने जंगल राखणारा आणि जंगलावर जगणारा यांची ताटातूट केली की रक्षण हेही एक प्रकारचे हरण होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला राखणदारीचा अधिकार देऊन ही ताटातूट मिटविण्याचा मार्ग उघडला आहे. तो कागदावर न राहता पायवाट होतो की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

बीजगाम आणि भूतगाम यांना एका शब्दात बांधणारांनी तिसरा घटक वेगळा सांगितला नाही. इजा न करण्याचा संकल्प करणारा माणूस त्यात गृहीतच होता. रैणीच्या वाटेवर उभ्या राहिलेल्या सत्तावीस जणी आणि तुंब्यात बी राखणाऱ्या अनाम म्हाताऱ्या या त्या गृहीताचा इतिहास होत.