एकादशीच्या ताटांतील पाहुणे

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्या दुपटींत असतें काय? साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, उकडलेलें रताळें, राजगिऱ्याचा लाडू. हें ताट आपण सनातन समजतों. परंतु शके 1212, म्हणजे इ. स. 1290 मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हां बटाटा, भुईमूग, रताळें, राजगिरा यांपैकीं कांहींहि पंढरीच्या वाटेवर मिळत नव्हतें. फार काय, तोंडीं लावण्यास हिरवी मिरचीहि नव्हती! हीं सारीं अमेरिकेचीं. कोलंबस तेथें 1492 मध्यें पोंचला, वास्को द गामा 1498 मध्यें कालिकतला उतरला, आणि पुढें पोर्तुगीज गलबतांबरोबर हे पाहुणे आपल्याकडे आले.

त्यांचें परकेपण लपलें तें नांवांमुळें. मिऱ्यासारखी तिखट ती मिरची, जमिनींत लागतो तो भुईमूग. वस्तुतः तो मूग नव्हेच. सीताफळ आणि रामफळ तर थेट रामायणांत जाऊन बसलीं! बटाट्याची गंमत निराळी. 'बटाटा' हें अमेरिकेजवळच्या बेटांवरील लोकांचें रताळ्याचें नांव. आपल्याकडे तें दुसऱ्याच कंदास चिकटलें, आणि रताळ्यास 'रक्तालु' या जुन्या संस्कृत नांवाचा आधार मिळाला.

माझ्या लहानपणीं आषाढीस आजीबरोबर कुर्डुवाडीहून पंढरपुरास अरुंद रुळांच्या गाडीनें गेलों होतों. शेजारच्या एका बाईंनीं माझ्या हातावर टोमॅटोची फोड ठेविली. "विलायती फळ तें, उपास बाटेल," असें म्हणून आजीनें ती परत करविली आणि बटाट्याचा कीस पुढें केला. त्या बाईंनीं फोड मुकाट्यानें फडक्यांत बांधली. पंढरपूर येईपर्यंत त्या आमच्याशीं बोलल्या नाहींत. टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळांतील, एकाच खंडांतून आलेलीं भावंडें. मिरची त्यांची तिसरी बहीण. हें आजीस कोण सांगणार? एकास पंगतींत पाट, दुसरा उंबरठ्याबाहेर, आणि मधल्यामधें एक भली बाई दुखावली.

उपासास धान्य वर्ज्य, कंदमूळ-फळ चालतें, हा जुना दंडक. नव्या वस्तूंचीं नांवें निषेधाच्या यादींत नसल्यामुळें त्यांचा शिरकाव सुलभ झाला असावा, असें मला वाटतें.

साबुदाण्याची कथा सर्वांत नवलाची. नांव मलायी 'सागू'वरून आलेलें. मूळ वस्तु तिकडील एका ताडाच्या गाभ्याचें सत्त्व. दुसऱ्या महायुद्धांत तिकडचा माल येईनासा झाला, तेव्हां मद्रास इलाख्यांत सेलमच्या बाजूस कसाव्याच्या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. कसावाहि अमेरिकेचाच! वस्तु बदलली, नांव तेंच राहिलें, आणि कोणाचाहि उपास मोडला नाहीं. शिंगाडा आणि सुरण हे खरे जुने मानकरी. त्यांतला सुरण मात्र आतां पुष्कळ घरांतील मुलांस ओळखूंहि येत नाहीं.